‘एवढंच जरा करून द्या’ म्हणणाऱ्या अण्णांनी माझे ८७,००० कसे बुडवले

परवा रात्री साडेनऊला जेवायला बसलो होतो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाजावरून तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. "सर, तुमच्या डेटाबेसमध्ये ‘उधारी दोन’ नावाचं एक टेबल आहे, ते कशासाठी ठेवलंय?" मला आधी काही उमगेना. मग तो म्हणाला, "अण्णांनी ते सॉफ्टवेअर आता मला दिलंय ना, ते म्हणाले तुम्ही अर्धवट टाकून गेलात."

अर्धवट टाकून गेलो म्हणे! जेवण तसंच राहिलं, बायको म्हणाली परत तेच का, हो परत तेच. पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं, इंजिनिअर माणूस एका दुकानदाराकडून येडा बनतो हे सांगायला लाज वाटते. पण आता त्या पोराचाही नंबर लागलाय, म्हणून लिहितोय.

पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे आलो आणि स्वतःची कामं घ्यायला लागलो. अण्णा म्हणजे द्राक्षपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातले कृषी सेवा केंद्रवाले, होलसेल पण आहे, खतं, बियाणं, औषधं सगळं. मामांच्या ओळखीतून गेलो होतो. जून २०२३, पेरणीच्या आधी. काम ठरलं ते असं: बिलिंग, स्टॉक, शेतकऱ्यांची उधारी आणि तीन रिपोर्ट. १,८०,००० रुपये. ४५,००० ॲडव्हान्स, ४५,००० डेमोनंतर आणि उरलेले ९०,००० ‘काम पूर्ण झाल्यावर’. हे शेवटचे तीन शब्द मीच व्हॉट्सॲपवर टाइप केले होते, स्वतःच्या हाताने. पूर्ण म्हणजे काय, कुणी ठरवायचं, एक अक्षर नाही लिहिलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. पहिल्याच दिवशी अण्णांच्या केबिनमध्ये एका जुन्या कॉम्प्युटरवर एक जुनं सॉफ्टवेअर चालू होतं. म्हटलं हे कुणी केलं? अण्णा म्हणाले, "होतं एक पोरगं, अर्धवट टाकून पळालं. आजकालच्या पोरांना दम नाही." त्या स्क्रीनच्या खाली पट्टीत त्या पोराचं नाव आणि मोबाइल नंबर होता. स्पष्ट, पांढऱ्यावर निळा. मी तो वाचला. वाचला हो! चहा घेत घेत वाचला. दहा आकडे दाबायचे होते, दोन मिनिटांचं काम. आणि मी काय केलं, तर छाती फुगवून म्हणालो, "अण्णा, मी तसा नाही."

चालू सॉफ्टवेअर अर्धवट कसं असेल, त्यावर रोज बिलं फाडताय की तुम्ही, हा साधा प्रश्न सुद्धा डोक्यात आला नाही. ज्याच्याकडे आधीचा माणूस ‘पळून गेलेला’ असतो ना, तिथे त्या पळालेल्याला आधी फोन लावा, मग चहा प्या.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, अशी कामं कशी वाढतात ते. सुरुवातीचे बदल रास्त होते, मी खोटं बोलणार नाही. औषधाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी लागते, ते मीच विचारायला हवं होतं. खताला ५ टक्के जीएसटी, औषधाला १८, बियाण्याला शून्य, हे वेगळं दिसायला हवं, बरोबर. पण मग शेतकऱ्याचं नाव मराठीत पाहिजे, मग शोधताना इंग्रजीत टाइप केलं तरी सापडलं पाहिजे, मग उधारीवर व्याज लावायचं पण सगळ्यांना नाही, पाहुण्यांना नाही, सरपंचांना नाही, मग दुसऱ्या गावात दुकान काढलं तर दोन्हीकडचा स्टॉक एकत्र दिसला पाहिजे, मग मोबाइलवर पाहिजे. बिल आधी ए-फाइव्ह कागदावर होतं, मग अण्णांच्या पुतण्याने कुठेतरी छोटं बिल बघितलं म्हणून थर्मल प्रिंटर, ११,८०० चा, स्कॅनर २,४०० चा, दोन्ही मीच आणले कारण अण्णा म्हणाले "आणा तुम्ही, पुढच्या बिलात धरू", आणि दीड महिन्याने परत ए-फाइव्ह, कारण शेतकरी म्हणतात चिठ्ठी लहान झाली म्हणजे माल कमी दिला.

प्रत्येक वेळी वाक्य एकच. "इंजिनिअर, एवढंच जरा करून द्या, मग फायनल." जरा! एक बटण तर टाकायचंय म्हणे. त्या एका बटणामागे माझ्या चार रात्री जायच्या. असे ३७ बदल मी मोजलेत, मागाहून.

एकदा रागाने म्हणालो सुद्धा की अण्णा याचे वेगळे पैसे होतील. तर चेहरा असा पडला माणसाचा, जसं काही मी त्यांच्या घरातलं भांडं उचलून नेतोय. "आपल्यात आता पैशाचं बोलायचं का?" त्या थंडीत त्यांच्या मळ्यात हुरडा खाल्लेला मी, मामा शेजारी बसलेले, काय बोलणार? लोक म्हणतात स्टँप पेपर करायचा, करून दाखवा म्हणावं एकदा, ज्याने आत्ता तुमच्या ताटात स्वतःच्या हाताने चटणी वाढलीय त्याच्यापुढे. आमच्याकडे शब्दावर व्यवहार होतात आणि बहुतेक वेळा नीट होतात, म्हणूनच तर अशा माणसांचं फावतं.

ऑक्टोबरात डेमो झाला. ४५,००० ऐवजी ३०,००० दिले, "बाकीचे दिवाळीनंतर." दिवाळीनंतर म्हणजे कुठल्या, ते विचारायचं राहिलं. पण डेमोच्या दुसऱ्या दिवसापासून सॉफ्टवेअर दुकानात चालू झालं, रोज साठ-सत्तर बिलं. त्यांना ‘पूर्ण’ होऊच द्यायचं नव्हतं. काम पूर्ण झालं तर ९०,००० द्यावे लागतात, म्हणून महिन्याला दोन-तीन बदल मागायचे, इतकं सोपं आहे ते. मी समजत होतो अण्णांना काय पाहिजे ते त्यांनाच कळत नाही. माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

‘उधारी दोन’ची गंमत पण सांगतो. त्यांना कच्च्या बिलांची वेगळी वही सॉफ्टवेअरमध्ये पाहिजे होती. मी टेबल बनवलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, म्हटलं हे मी करणार नाही. एवढं एक मी नीट केलं. तेव्हापासून अण्णा ‘इंजिनिअर’ऐवजी ‘तुम्ही लोक’ म्हणायला लागले.

मार्च २०२४ मध्ये पुतण्याचा फोन, ऑडिटसाठी पूर्ण १,८०,००० चं बिल द्या. मला वाटलं आता पैसे येणार, लगेच दिलं. पैसे नाही आले, पण त्यांच्या सीएने १० टक्के टीडीएस, म्हणजे माझ्या नावाचा आयकर, कापून भरला, १८,०००, माझ्या २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या माझ्या करपत्रकात, दिसतो. म्हणजे सरकारदरबारी १,८०,००० माझं उत्पन्न आणि त्यांचा खर्च, हातात ७५,०००. पण ऐका, हाच कागद आज माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. काम झालंच नव्हतं तर पूर्ण बिलावर टीडीएस कशाचा कापला? तुमचा २६ एएस दर तिमाहीला उघडून बघत जा.

जुलैमध्ये शेवटचा डाव. पुतण्या म्हणाला, "बॅकअपसाठी सर्व्हरचा पासवर्ड आणि सोर्स कोड देऊन ठेवा, तुम्हाला उद्या काही झालं तर?" मी दिला. हो, दिला. आठ दिवसांनी पासवर्ड बदललेला, माझं नाव स्क्रीनवरून उडालेलं, फोन उचलणं बंद. सर्व्हरचं भाडं मात्र ऑगस्टपर्यंत माझ्याच कार्डावरून जात होतं. शेवटचा हप्ता खात्यात पडल्याशिवाय कोड देऊ नका, मामा म्हणाले तरी देऊ नका.

हिशोब लिहितो, लाज सोडून. सर्व्हर १,४५० दराने १४ महिने, २०,३००. एसएमएस ६,०००. मदतीला ठेवलेला मुलगा १२,००० दराने चार महिने, ४८,०००. प्रिंटर आणि स्कॅनर १४,२००. एकूण खिशातून ८८,५००. आले ७५,००० आणि टीडीएसचे १८,००० धरले तर ९३,०००. म्हणजे १४ महिन्यांत मी कमावले साडेचार हजार. महिन्याला ३२१ रुपये. येणं बाकी ८७,०००, ३७ बदलांचे पैसे तर सोडूनच द्या.

मग त्या जुन्या पट्टीतला नंबर लावला, फोटोत सापडला, डेमोच्या दिवशी काढलेला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, "किती महिने टिकलात? मी नऊ." त्याचे ६२,०००.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. ऑगस्टमध्ये पोलिसांकडे गेलो. साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेत ३१८. ते म्हणाले सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवा. दाखवतो की, आधीच्या पोराचं पण असंच केलंय. "मग त्याला घेऊन या." तो पुण्याहून रजा टाकून माझ्यासाठी येणार आहे का? बाहेर बाकावर पावणेतीन तास बसून हे ऐकलं. कायदा साहेब बरोबर सांगत होते, वकिलानेही तेच सांगितलं, की नुसता करार मोडला म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पण अर्ज घेऊन पोच द्यायला काय जातं? तीन चकरा मारल्यावर पोच मिळाली, त्यावरही तारीख चुकीची.

सायबरवाल्यांकडे गेलो, म्हटलं सर्व्हर माझ्या नावावर, पैसे मी भरतो आणि मलाच आत जाता येत नाही. पहिला प्रश्न, "पासवर्ड कुणी दिला?" मी. "मग?" शेजारचा हवालदार हसला. मी पण हसलो असतो त्याच्या जागी, पण पगार कशाचा घेता राव.

कुणीतरी सांगितलं ग्राहक आयोगात जा. तिथे कळलं की सेवा देणारा मी, म्हणून ग्राहक मी नाही. 

मग एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा मार्ग. २००६ चा कायदा आहे, लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मी सप्टेंबरमध्ये धावत जाऊन उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, केली, आधारवर दहा मिनिटांत होते, एक रुपया लागत नाही. कागद घेऊन एका सरकारी ऑफिसात गेलो. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं साहेब मीटिंगला, तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, त्यांनी तारीख बघितली आणि कागद परत सरकवला. नोंदणी कामानंतरची आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नंतर नोंदणी करून आधीच्या व्यवहाराला या कायद्याचा फायदा मिळत नाही. हे पहिल्या टेबलाला माहीत नव्हतं का? दोन खेपा फुकट गेल्या, येऊनजाऊन १२८ किलोमीटर एका खेपेचे, पेट्रोल कोण देणार? आणि फुकटात होणारी दहा मिनिटांची नोंदणी मी आधी का केली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही आज करा, हे वाचून झालं की लगेच. नोंदणी असली की दुसरा पण फायदा आहे, २०२३-२४ पासून आयकराचा नियम असा की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. मार्चमध्ये त्याचा सीएच त्याच्या मागे लागतो.

वकिलाची नोटीस ३,५०० ला पडली. उत्तर वाचून तर डोकंच फिरलं. काम अपूर्ण, दुकानाचं नुकसान, उलट आम्हालाच २,५०,००० द्या! आणि पुरावा काय, तर माझेच मेसेज. वकिलाच्या ज्युनिअरने चॅट शोधून मोजलं, ‘हो करतो अण्णा’ मी ६१ वेळा लिहिलंय. प्रत्येक ‘हो करतो’चा अर्थ अजून काहीतरी बाकी आहे, असा निघतो म्हणे. माझ्या चांगुलपणाच्या ६१ पावत्या आहेत त्यांच्याकडे. बदल मागितला की उत्तरात रक्कम आणि तारीख टाका, ‘याचे ४,००० होतील, चालेल का’ एवढंच, आणि ‘चालेल’ आल्याशिवाय लॅपटॉप उघडू नका. जमलं तर शेवटच्या हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक आधीच घ्या. तो परत आला तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, ३१ वा दिवस उजाडू देऊ नका.

त्या परवाच्या पोराला मी हे सगळं सांगितलं, पाऊण तास. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुमचं काय झालं माहीत नाही सर, माझ्याशी तर चांगले आहेत, मागच्या रविवारी हुरड्याला पण बोलावलं होतं." ॲडव्हान्स किती घेतला विचारलं तर ४०,०००. म्हणजे भाव उतरलाय. ‘उधारी दोन’चं मात्र मी सांगितलं नाही, म्हटलं अण्णांनाच विचार.

आता दिवाणी दावा करायचा ठरलंय, तीन वर्षांची मुदत आहे तोवर. कोड मी लिहिलाय आणि हक्क लेखी दिलेले नाहीत, त्यामुळे कॉपीराइटचाही मुद्दा घेऊ म्हणतात वकील. त्यांची फी २५,०००, अर्धी आधी, ते कामाचे टप्पे बरोबर लिहून घेतात, सही सकट. व्हॉट्सॲपचं सगळं चॅट प्रिंट करून पाहिजे, शिवाय नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधल्या पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडायचं, म्हणून फोन फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका, रागात तर अजिबात नाही. काल झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो. ३११ पानं, दोन रुपयांनी ६२२, स्पायरलचे ६०. झेरॉक्सवाला पानं लावता लावता मध्येच थांबला आणि म्हणाला, "साहेब, इथे तर नुसतं हो करतो, हो करतोच आहे, सगळी पानं काढायची का?" म्हटलं काढ, सगळी काढ. ६८२ रुपये झाले, तेही वरच्या हिशोबात धरा.