रायझन ७ ५७००एक्स: आठ कोअर घेतले, राबतो एकच

लग्नसराई उरकली, म्हणून आता निवांत लिहितोय. लातूरला आमचा फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे, तिथल्या कॉम्प्युटरला हा प्रोसेसर घेतला. ८ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, कोअरमागे दोन) वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. माझं डोकं फिरवलं ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या (कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी) ६ टक्क्यांनी.

अल्बमचं सॉफ्टवेअर पानं एक्सपोर्ट करायला लागलं की घड्याळ पुढं सरकतं, अल्बम सरकत नाही. आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर? ६ टक्के! १०० ला १६ ने भागा, सव्वासहा येतात. एक थ्रेड जीव तोडून पळतोय, बाकीचे पंधरा निवांत. पंगतीला आठ वाढपी उभे करायचे आणि बादली एकाच्याच हाती, असला कारभार. कंपनीला फोन केला तर म्हणतात, "सर, मोठा प्रोसेसर घ्या." अहो, १६ कोअरवर, म्हणजे ३२ थ्रेडवर, तोच आकडा ३ टक्के दिसेल की! कामाचे तुकडे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच पाडायचे असतात. विंडोज तयार थ्रेड रिकाम्या कोअरवर बसवतं, एका थ्रेडचे दोन करून देत नाही.

मग हळदीचा व्हिडिओ हँडब्रेकला (व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर) दिला आणि सोळाच्या सोळा आलेख वर गेले. तेव्हा म्हटलं, मशीनमध्ये दम आहे. त्यातलं एक्स२६४, म्हणजे व्हिडिओ आकसून लहान करणारा प्रोग्राम, एका वेळी अनेक फ्रेमवर काम करतं. पुढच्या फ्रेमला मागचीचा जेवढा भाग लागतो, तेवढ्यापुरतीच ती थांबते. तरी सोळापट वेगाची आशा नको. खरे कोअर आठच, एका कोअरवरचे दोन थ्रेड त्याचीच ताकद वाटून घेतात.

कॉम्प्युटर तज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हा हिशेब मांडलाय. दहा टक्के काम एकामागून एकच होणारं असेल, तर ८ कोअरवर फार तर ४.७ पट वेग, १६ वर ६.४, आणि कितीही कोअर लावा, दहापटीच्या पुढं नाही. दुप्पट कोअरला दुप्पट पैसे मी तरी मोजणार नाही.

अल्बमचं सॉफ्टवेअर दोनदा उघडून दोन अल्बम एकदम लावता आले असते, पण दुसऱ्या कॉपीला वेगळं लायसन्स मागतात. मी त्या पैशात रॅम वाढवली. आता रात्री एकीकडं अल्बम आणि दुसरीकडं प्रायॉरिटी कमी करून हँडब्रेक लावतो आणि झोपतो. प्रोसेसरला चार तारे. अल्बमवाल्यांचं रिन्यूअल मात्र करणार नाही.