टास्क मॅनेजर की प्रोसेस एक्सप्लोरर?

कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला की हात आपोआप कंट्रोल-शिफ्ट-एस्केपकडे जातो, म्हणजे विंडोजचा टास्क मॅनेजर उघडायला. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की खादाड प्रोग्रॅम वर येतो, 'एंड टास्क' दाबलं की मशीन शांत. माझं कित्येक वर्षं एवढ्यावर भागत होतं. अडकलेला प्रोग्रॅम फक्त बंद करायचा असेल, तर टास्क मॅनेजर सोडून दुसरीकडे जायची गरज आजही मला वाटत नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. रोजच्या लिखाणाचा एक प्रोग्रॅम तासाभरात मशीन तापवायचा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये त्याच्यापुढे आकडा असायचा १२, फार तर १३. इतका कमी, की मी त्याच्यावर संशयच घेतला नाही. बिचाऱ्या अँटिव्हायरसच्या मागे लागलो. पण ही टक्केवारी सगळे प्रोसेसर मिळून धरलेली असते. माझ्याकडे ८ लॉजिकल प्रोसेसर आहेत, म्हणजे विंडोजला मशीनमध्ये आठ प्रोसेसर दिसतात. त्यातला एक अख्खा अडवून एखादा थ्रेड (प्रोग्रॅममधल्या कामाचा एक धागा) गोल गोल फिरत राहिला, तरी दिसणार साडेबाराच. १६ असते तर जेमतेम सहा.

हे कळल्यावरही मी तिथेच अडलो. टास्क मॅनेजरने 'कोण' ते सांगितलं, 'का' ते सांगेना. बंद करा, उघडा, तासाभराने पुन्हा तेच. हाच वैताग मला प्रोसेस एक्सप्लोररकडे घेऊन गेला. हाही चालू प्रोग्रॅम दाखवणाराच, पण जास्त खोलात जाणारा.

टक्के तिथेही तसेच दिसतात. फरक पुढे आहे. प्रोग्रॅमवर डबल-क्लिक करून 'थ्रेड्स' टॅब उघडला, की प्रत्येक थ्रेड किती खातो आणि तो कुठल्या फाइलमधून सुरू झाला, ते समोर येतं. माझ्या बाबतीत एकच थ्रेड बारावर ठाण मांडून होता आणि त्याच्यापुढे नाव होतं शुद्धलेखन तपासणाऱ्या अ‍ॅड-ऑनच्या डीएलएलचं, म्हणजे त्याच्या कोडच्या फाइलचं. अ‍ॅड-ऑन बंद केलं. लिखाण चालू राहिलं, पंखा थांबला.

दर वेळी इतकं सरळ होईलच असं नाही. पुष्कळदा तिथे विंडोजचीच 'एनटीडीएलएल' ही फाइल दिसते, त्यावरून खरा दोषी कळत नाही. मग 'स्टॅक' बटण दाबून, कुणी कुणाला बोलावलं त्या यादीतली खालची नावं वाचावी लागतात. फंक्शनची नीट नावं हवीत तर सिम्बॉल (ती नावं पुरवणाऱ्या फाइल्स) जोडावे लागतात, पण मला बहुतेक वेळा फाइलच्या नावावरूनच अंदाज आला आहे. थ्रेड 'किल' मात्र करू नका, प्रोग्रॅम कोलमडू शकतो.

टास्क मॅनेजरच्या बाजूनेही बोलायला हवं. तो आधीपासून मशीनवर असतो, डिस्क आणि नेटवर्कचा ताण शेजारीच दाखवतो, आणि बाहेरचं काही चालवायला बंदी असलेल्या ऑफिसच्या मशीनवर तोच एक आधार. प्रोसेस एक्सप्लोररचा रंगीबेरंगी पसारा पहिल्या दिवशी बावरवतो. (आकडे फार नाचत असतील तर स्पेसबार दाबा, यादी थांबते.) विश्वासाची शंका असेल, तर प्रोसेस एक्सप्लोरर हा विंडोजची साधनं बनवणाऱ्या सिसइंटर्नल्सच्या मार्क रुसिनोविच यांचा, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली. फुकट आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही.

त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'रिप्लेस टास्क मॅनेजर' आहे. मी ते निवडून ठेवलंय. आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की तोच उघडतो.