लहान मुलांची एनटीएक्स तपासणी: नमुना घेणं चोख, रिपोर्ट मात्र मोठ्यांच्या मापाचा

माझा मुलगा १३ वर्षांचा, तालमीच्या पोरांबरोबर कायम फुटबॉल खेळणारा. जुळलेलं मनगट पुन्हा मोडलं म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमसोबत लघवीतली एनटीएक्स तपासणीही (जुनं हाड किती वेगाने झिजतं ते दाखवणारी) लिहून दिली. कोल्हापुरात आमच्याच भागातल्या लॅबला घरी बोलावलं.

नमुना घेण्याला पैकीच्या पैकी मार्क. आदल्या संध्याकाळीच लॅबच्या ताईंचा फोन आला: उठल्याउठल्याची लघवी जाऊ द्या, त्यानंतरची बाटलीत धरा. हाडांची झीज रात्री जास्त होते, म्हणून नमुन्याची वेळ बदलली की आकडाही बदलतो, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. सकाळी आल्यावर नाव, वय, वेळ आमच्यासमोर बाटलीवर लिहून ती बर्फाच्या पेटीत ठेवली. पोरगं लाजत होतं, पण त्यांनी त्याला अजिबात अवघडू दिलं नाही.

रिपोर्ट आला आणि घरात रडारड. आकडा चारशेच्या वर, शेजारी छापलेली मर्यादा शंभराच्या आत आणि ठळक अक्षरांत ‘हाय’. सासूबाई म्हणाल्या, “पोराची हाडं झिजायला लागली, आता खेळ बंद.”

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे. एनटीएक्स म्हणजे हाडातल्या कोलॅजनचा तुकडा. जुनं हाड निघताना तो सुटतो आणि लघवीतून बाहेर पडतो. वाढत्या मुलात जुनं काढणं आणि नवं रचणं दोन्ही जोरात चालतं. तान्हेपणी आकडा खूप मोठा असतो, मग उतरतो, वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा पुन्हा चढतो. शिवाय लघवी कधी पातळ कधी दाट, म्हणून आकड्याला क्रिएटिनिनने भागतात. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. मुलांचे स्नायू कमी, त्यामुळे भागाकार आणखी मोठा दिसतो. आमचा मुलगा ठणठणीत आहे.

मला राग येतो तो याचा, की वय १३ त्याच रिपोर्टच्या वरच्या ओळीत छापलेलं आहे! मॅनेजर म्हणाले, सॉफ्टवेअरमधून तसंच येतं. मुलांच्या वयाप्रमाणे मर्यादा छापा. नसेल तर ‘ही मोठ्यांची मर्यादा’ एवढं तरी लिहा. आईबापांची झोप उडते हो.

नमुन्यासाठी यांनाच बोलवा, पण रिपोर्ट मुलांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही ठरवू नका. पाचपैकी तीन स्टार.