कोकणात कॅराव्हॅन: गवतावर लावावी की चिऱ्यांवर? एका हंगामाचा अनुभव

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली आणि दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत दापोली ते वेंगुर्ला हा किनारा जमेल तसा पालथा घातला. गाडीच्या आतल्या सोयींबद्दल सगळेच लिहितात, ती उभी कुठे करायची हे फारसं कोणी लिहीत नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी आमच्या वाट्याला बहुतेक वेळा होमस्टेचं अंगणच आलं. माझं मत आता पक्कं झालंय: चाकं चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या फरसबंदीवर, आणि दार गवताकडे.

ऑक्टोबरात गवताचा मोह आवरत नाही. हिरवंगार, पायाला थंड, फोटोलाही झकास. पण वरचा थर सुकला तरी खाली पावसाची ओल तशीच असते, त्यातून जागा मळ्यातली असेल तर विचारूच नका. सामान आणि पाणी भरल्यावर आमची गाडी साडेतीन टनांच्या आसपास जाते. नुसतं शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. लावताना काही जाणवत नाही. रात्रीतून एखादं मागचं चाक बोटभर खचतं आणि सकाळी निघताना जागच्या जागी गरगरतं. म्हणून आधी उतरून टाचेने जमीन दाबून बघायची. खळग्यात ओल चमकली तर पुढची जागा. जाड फळ्यांची एक जोडी मात्र गाडीत कायम हवी.

डिसेंबरनंतर चिखल संपतो आणि कुसळं सुरू होतात. मोज्यात, चादरीत, दाराच्या मच्छरजाळीत अशी रुततात की चिमट्याने एकेक उपसावी लागतात. आणि फेब्रुवारीपासून पुढे वाळलेल्या उंच गवतात गाडी घालूच नये. तापलेला सायलेन्सर आणि वाळकं गवत एवढं वणव्याला पुरतं, आणि शेजारी कोणाची तरी आंब्या-काजूची बाग असते.

चिऱ्यांची फरसबंदी मला आवडते ती पाण्यामुळे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण सच्छिद्रच राहतो. आंघोळीचं पाणी सांडलं तरी डबकं होत नाही. सिमेंटच्या कोब्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर तेवढं सुख नाही. पेव्हरवर तर सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं. चिऱ्यांचे तोटेही आहेत. लाल धूळ पायपुसण्याला जुमानत नाही. मार्चनंतर दुपारी तापलेले चिरे संध्याकाळपर्यंत निवत नाहीत. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला असतो, त्यामुळे झोपण्याआधी पाणसळ लावून चाकाखाली फळी सारावी लागते. नाहीतर रात्रभर डोक्याकडे रक्त.

खरी अडचण गाडीबाहेर ताणायच्या कापडी छताची. चिऱ्यात मेख ठोकली तर मेखच वाकते. आम्ही पाण्याने भरलेले वीस लिटरचे कॅन चारही दोऱ्यांना बांधतो. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे उलटे फिरतात, त्यामुळे फक्त समुद्राच्या बाजूने ताण देऊन भागत नाही. खरं तर जेवणं झाली की छत गुंडाळून ठेवलेलं बरं.

गाडी कुठेही लावा, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला चिकटून नको. दगडांच्या फटीत फुरसं हा विषारी साप आणि विंचू दोन्ही असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत इकडे किती माणसं दगावत, हे जुन्या लोकांना विचारा. बाहेर ठेवलेल्या चपला झटकूनच घालायच्या.

नारळाखालची सावलीही नको. तारकर्लीजवळ आम्ही गाडी माडांकडे वळवली तशा घरच्या आजी पडवीतूनच ओरडल्या, ‘थंय लावू नकात, नारळ पडतलो!’

फोनवर जागा ठरवताना भाड्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: अंगणात चिरे आहेत का, आत येणाऱ्या वाटेवर वीजतारा किंवा फांद्या किती खाली आहेत, आणि सोळा अँपिअरचं सॉकेट आहे का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘मिक्सर चालतो की’ असं मिळतं. तिथे एसीचा नाद सोडून पंख्यावर झोपायचं.