जंगली महाराज रस्ता: चालणाऱ्याला पहिला वर्ग, सायकलला काठावर पास

पुण्याचा हा रस्ता आधी डांबरासाठी गाजला. १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि हमी संपल्यावरही वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही. महापालिकेने २०१६ नंतर त्याच्या कडा बदलल्या: रुंद पदपथ, बाकं, मुलांची खेळणी, सायकल मार्ग, आखीव पार्किंग.

सगळ्यात चांगलं काय, तर सामानाची शिस्त. झाडं, दिव्याचे खांब, बाकं गाड्यांकडच्या पट्ट्यात आणि मधली वाट चालायला मोकळी. रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निदान १.८ मीटर मोकळी वाट मागते. शहरात इतरत्र पदपथ कागदावर दोन मीटर असतो, पण मध्ये विजेची डीपी पेटी उभी, म्हणजे उरते हातभर जागा. इथे दोन माणसं गप्पा मारत जातात आणि तिसरा समोरून सहज येतो. संभाजी उद्यानाजवळ झाडाखाली बसायला काही विकत घ्यावं लागत नाही, हे वेगळं सांगायला हवं.

घोडं अडतं ते बोलार्डपाशी, म्हणजे गाड्या पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या बुटक्या खांबांपाशी. व्हीलचेअर जायची तर दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर हवेत. स्कूटरचं हँडल साधारण ७०-७५ सेंटिमीटर. म्हणजे खुर्चीला वाट दिली की स्कूटरलाही मिळाली, आणि खांब जवळ आणले की खुर्ची बाहेर. हे कोडं खांबांनी सुटत नाही, दंडानेच सुटतं.

सायकल मार्ग पदपथाच्याच पातळीवर आहे, फरक फक्त रंगाचा. साहजिकच लोक त्यावर चालतात आणि दुचाक्या त्यावर लागतात. मध्ये ५-१० सेंटिमीटरची पायरी असती तरी चालणारा आपसूक बाजूला राहिला असता.

देखभाल बघायची तर इमारतींच्या फाटकांसमोर बघा. चालणाऱ्यांपुरता ६० मिलिमीटर जाडीचा फरसबंदीचा ब्लॉक पुरतो, गाडी जिथून आत वळते तिथे ८० चा लागतो आणि खाली घट्ट दाबलेली खडी. केबलसाठी खोदून वर नुसती वाळू पसरून ब्लॉक परत मांडले, की ते डुगडुगतात. पावसात अशा ब्लॉकवर पाय पडला की गढूळ पाण्याची पिचकारी थेट पोटरीपर्यंत.