पदवीच्या वर्गात मिनआयन सिक्वेन्सर: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागात गेल्या एप्रिलमध्ये मिनआयन हा नॅनोपोअर सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणारे यंत्र, दाखल झाला. सुमारे 100 ग्रॅम वजनाचे हे उपकरण यूएसबी केबलने संगणकाला जोडले की चालते. डीएनएचा धागा प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून सरकताना विद्युतप्रवाहात जो बदल होतो, त्यावरून ते क्रम वाचते. पूर्वी आम्ही नमुने बाहेर पाठवत असू आणि काही आठवड्यांनी एक फाइल परत येत असे. आता तृतीय वर्षाची मुले स्वतः काढलेल्या डीएनएचे वाचन पडद्यावर सुरू झालेले पाहतात. केवळ एवढ्यासाठीही ही खरेदी योग्य होती, असे माझे मत आहे.

खरेदीची वेळ मात्र चुकली. अनुदान 31 मार्चपूर्वी खर्ची पडावे म्हणून आम्ही उपकरणाबरोबर तीन फ्लो सेलही (ही सूक्ष्म छिद्रे असलेल्या, यंत्रात बसवायच्या बदलत्या चकत्या) एकदमच मागवले. 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या फ्लो सेलची हमी सुमारे 12 आठवडेच असते, आणि आमचे ते आठवडे परीक्षा व उन्हाळी सुटीत गेले. जुलैच्या मध्यावर तपासणी केली, तेव्हा तिघांपैकी दोघांत चालू छिद्रांची संख्या किमान अपेक्षित 800 च्या निम्म्यावरही नव्हती. मुदत उलटल्यामुळे ते बदलून मागण्याचा प्रश्नच नव्हता.

उरलेल्या एका सेलवर आम्ही तळजाई टेकडीवरील मातीतल्या जिवाणूंचे 16एस जनुक, ज्यावरून जिवाणू ओळखता येतात, वाचायचे ठरवले. मातीतून निघालेला डीएनए चहासारखा तपकिरी होता, कारण त्यात मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचे ह्युमिक आम्ल उतरले होते, आणि त्याच्या अडथळ्यामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) दोनदा फसले. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने दर मायक्रोलिटरला 60 नॅनोग्रॅम दाखवलेला नमुना शेजारच्या विभागातील फ्लुओरोमीटरवर जेमतेम 8 भरला. पहिले यंत्र 260 नॅनोमीटरला प्रकाश शोषणाऱ्या आरएनएसकट सगळ्याची गणती करते, दुसरे मुख्यतः दुपदरी डीएनएचीच. म्हणूनच सिक्वेन्सर घेण्याआधी फ्लुओरोमीटर आणि नियमित कॅलिब्रेट केलेले मायक्रोपिपेट घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

फ्लो सेल भरणे हा सर्वांत नाजूक भाग आहे. प्रायमिंग पोर्टमधून, म्हणजे द्रव भरायच्या छिद्रातून, आधी 20-30 मायक्रोलिटर द्रव मागे ओढून हवा काढावी लागते. हवेचा बुडबुडा सूक्ष्म छिद्रे असलेल्या पटलावर गेला की तिथली छिद्रे कायमची निकामी होतात. आमच्या एका विद्यार्थिनीने पिपेटचे टोक पूर्ण रिकामे केले आणि वाटाण्याच्या दाण्याएवढा बुडबुडा सेलच्या पारदर्शक खिडकीखालून सरकताना आम्ही सर्वांनी पाहिला. चूक तिची नव्हती. सराव न देता तिच्या हाती पिपेट दिले, ही माझी चूक होती. तेव्हापासून निकामी झालेले दोन सेल सरावासाठी ठेवले आहेत. प्रत्येक विद्यार्थी त्यात रंगीत पाणी किमान पाच वेळा भरतो, आणि शेवटचे थोडे पाणी टोकातच राहू देण्याची सवय हाताला लागल्यावरच खऱ्या सेलला हात लावतो.

संगणकाबाबत थोडक्यात सांगायचे, तर चांगले ग्राफिक्स कार्ड नसेल तर कच्च्या संकेतांवरून क्रम ठरवायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. यूपीएसही हवाच, कारण आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि वाचन मध्येच थांबते. आम्ही गुरुवारी वाचन लावतच नाही.

आमच्यासारख्या विभागांची खरी अडचण अशी की, अनावर्ती निधीतून यंत्र येते, पण फ्लो सेल, किट आणि एन्झाइम यांचा खर्च दरवर्षीचा असतो. प्रस्ताव लिहितानाच आवर्ती शीर्षाखाली निदान तीन वर्षांच्या साहित्याची तरतूद मागावी आणि फ्लो सेल टप्प्याटप्प्याने पुरवण्याची अट पुरवठा आदेशातच घालावी. यंदा आम्ही पहिला सेल ऑगस्टमध्ये आणि दुसरा दिवाळीच्या सुटीनंतर मागवला. दुसऱ्या सेलवर आठ गटांचे नमुने बारकोड (प्रत्येक नमुन्याला जोडलेला ओळखीचा डीएनए तुकडा) लावून एकत्र वाचले, आणि एकाही गटाला रिकाम्या हाती परतावे लागले नाही.