ग्वांगशिटॉक्सिन-१ई: बीटा पेशींसाठी कोळ्याचे विष

उंदराच्या स्वादुपिंडातील आयलेट (इन्सुलिनसारखी संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचे पुंजके) वेगळे काढून त्यांतून स्रवणारे इन्सुलिन मोजणे हे आमचे नित्याचे काम असून, त्यासाठी वर्षभर आम्ही ग्वांगशिटॉक्सिन-१ई वापरत आहोत. मुळात हे चीनमधील एका टॅरंटुला कोळ्याच्या विषातले ३६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड; आम्ही घेतो ती कुपी मात्र रासायनिक संश्लेषणाने बनवलेली असते.

ग्लुकोज वाढले की आयलेटमधल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढते, त्याला संवेदनशील असलेल्या पोटॅशियम मार्गिका (पोटॅशियमला पेशीबाहेर जाऊ देणारी पटलातील दारे) मिटतात, पेशीपटलाचे विध्रुवण होते, म्हणजे त्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब घटतो, आणि कॅल्शियम आत शिरून इन्सुलिन बाहेर पडते. हा विद्युत्स्पंद आवरता घेण्याचे काम मुख्यतः केव्ही२.१ ही दुसरी पोटॅशियम मार्गिका करते. विष तिचे छिद्र बुजवत नाही, तर तिच्या व्होल्टता-संवेदकाला (विद्युतदाब ओळखणाऱ्या भागाला) चिकटून तिला उघडणे अवघड करते. परिणामी स्पंद लांबतो आणि कॅल्शियम अधिक काळ येत राहते. अवघ्या काही नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जावा भाग) मात्रेत हे घडते. ग्लुकोज कमी असताना मात्र स्राव वाढत नाही, हे २००६ साली दाखवले गेले आणि आमच्याकडेही तसेच आढळले. काळ्या विधवा कोळ्याचे अल्फा-लॅट्रोटॉक्सिन पेशीपटलात स्वतःच छिद्रे पाडते. त्या धसमुसळेपणापुढे याचा संयम मला अधिक उपयोगाचा वाटतो.

तक्रार आहे ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकाबद्दल. पहिली कुपी उघडली तेव्हा ती रिकामी आहे असेच वाटले, कारण गोठवून सुकवलेले चूर्ण तळाशी अदृश्य थरासारखे बसलेले असते. उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावे, एवढे वाक्यही पत्रकात नव्हते. शिवाय हे पेप्टाइड प्लास्टिकला चिकटते. द्रावणात ०.१ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील एक प्रथिन) घालू लागेपर्यंत आमच्या मोजण्यांत मेळ बसत नव्हता आणि दोष आम्ही उगाच आयलेटना देत होतो. महागड्या कुपीबरोबर इतके तरी सांगायला हवे होते. आता आम्ही द्रावणाचे लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवतो आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवत नाही.

अखंड आयलेट वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे विष केव्ही२.१ सारख्याच केव्ही२.२ मार्गिकेलाही रोखते आणि आयलेटमधल्याच डेल्टा पेशींतून सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा स्रावही वाढवते. ते सोमॅटोस्टॅटिन शेजारच्या बीटा पेशींना आवर घालते. म्हणून हाती येणारा इन्सुलिनचा आकडा हा चढ आणि लगाम यांचा मिळून असतो. सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राहीचा (ते पेशीवर जिथे जोडले जाते त्या प्रथिनाचा) अवरोधक घातलेला एक गट सोबत ठेवावा, किंवा सुट्या बीटा पेशींवर पॅच-क्लॅम्प (एकेका पेशीच्या पटलातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) करावे. त्या दुसऱ्या कामात हे विष मला सर्वांत भरवशाचे वाटले आहे. पुढच्या वेळीही मी हेच मागवीन, फक्त सर्वांत लहान कुपीत.